'प्रोफेसर'ला खेळाडू म्हणायचं की नाही?

अर्धं_मैदान | शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय.

मी नाशकात रोज सकाळी शाळकरी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवतो. नोकरी वेगळी आहे, हे हौसेपोटी. परवा सरावात एका तेरा वर्षांच्या मुलीने (तिला इथे 'छोटी' म्हणू) समोरच्या मुलाला अशी हूल दिली की तो सरळ बुडावर आपटला. चेंडू डावीकडे टाकते आहे असं दाखवलं, खांदाही त्या बाजूला झुकवला, आणि चेंडू पाठीमागून फिरवून पुन्हा त्याच हातात. अख्खी बॅच ओरडली. माझ्यासोबत शिकवणारे सर मात्र तडकले. "ही नाटकं मैदानाबाहेर," म्हणाले आणि तिला दोन फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्या मारून आल्यावर ती मला हळूच म्हणाली, "सर, हे प्रोफेसरचं आहे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रोफेसर म्हणजे ग्रेसन बाउचर. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या कीझर गावचा, जन्म १९८४. उंची ५ फूट १० इंच, म्हणजे आपल्याकडे उंच आणि तिकडच्या बास्केटबॉलमध्ये बुटका. गावाजवळच्या साध्या कम्युनिटी कॉलेजच्या संघात होता. २००३ साली 'अँड वन' या बुटांच्या कंपनीचा स्ट्रीटबॉलचा, म्हणजे रस्त्यावरच्या बास्केटबॉलचा, दौरा पोर्टलंडला आला. या दौऱ्यात प्रत्येक गावी स्थानिक पोरांना मैदान खुलं असायचं आणि जो चमकेल त्याला पुढे नेत. हा सडपातळ गोरा पोरगा तिथे उतरला, मोठमोठ्या नावांना चकवलं, आणि त्या हंगामाअखेर कंपनीचा करार घेऊन बाहेर पडला. समोरच्याची 'शाळा घेतो' म्हणून नाव पडलं प्रोफेसर. दौरे आटल्यावर यूट्यूबवर गेला. स्पायडरमॅनचा पोशाख चढवून बागेतल्या कोर्टावर अनोळखी लोकांशी खेळायचे त्याचे व्हिडिओ तुमच्या पोरांनी नक्की पाहिले असतील.

एनबीएत (अमेरिकेतली बास्केटबॉलची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग) एकही सामना नाही, ऑलिंपिक नाही. तरी वीस वर्षांहून जास्त काळ याच चेंडूवर घर चालवतो आहे. माझं मत: हा पूर्ण खेळाडू आहे, वर आणखी एक काम करतो इतकंच. तुम्हाला काय वाटतं? आणि छोटीला हे सरावात करू द्यावं का?

---

मृण्मयी_जो | शनिवार, सकाळी ९:३०

पूर्ण अनुमोदन. आणि छोटीला माझ्याकडून एक शाबासकी. फेऱ्यांबद्दल वाईट वाटलं.

---

पंचकाका | शनिवार, सकाळी १०:०५

मी एकवीस वर्षं जिल्हा आणि राज्य पातळीवर पंच म्हणून शिट्टी वाजवली आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे आणि त्याचं कारण सांगतो.

ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेताना, हात चेंडूच्या वर हवा. हात चेंडूच्या खाली गेला आणि चेंडू क्षणभर तळव्यावर विसावला की तो कॅरी. मग चेंडू समोरच्या संघाचा. तुम्ही त्या व्हिडिओंचा वेग कमी करून बघा. अर्ध्याहून अधिक युक्त्यांत चेंडू तळव्यात बसलेला दिसेल. समोरचा माणूस फसतो तो नेमका त्याच क्षणी, कारण चेंडू जमिनीकडे जायला हवा तेव्हा जात नाही. नियम पाळून खेळणारा बचावपटू नियम मोडणाऱ्याकडून फसला, यात बचावपटूची काय चूक? काहीजण चेंडू समोरच्याच्या डोक्यावर आपटतात, स्वतःच्या सदऱ्यात लपवतात. बघायला मजा येते, मीही हसतो. पण शिट्टी नसेल तर तो खेळ नव्हे, प्रयोग आहे. प्रयोग वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याला त्याच्या नावाने हाक मारा.

छोटीची हूल मी पाहिलेली नाही. हात वर होता की खाली, एवढंच सांगा.

---

अर्धं_मैदान | शनिवार, सकाळी १०:११

काका, खरं सांगतो, मला दिसलंच नाही. मी पण ओरडत होतो.

---

आग्रीपाडा_एक्स्प्रेस | शनिवार, दुपारी १२:४०

पंचकाकांचा मान ठेवून असहमत.

मी नागपाड्याच्या शेजारी वाढलो. मुंबईचा बास्केटबॉल म्हणजे नागपाडा, हे जुन्या लोकांना सांगायला नको. बच्चूखान मैदान, मस्तान वायएमसीए, नागपाडा नेबरहूड हाउस. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांतले. आमच्या लहानपणी, २००२-०३च्या सुमारास, एका मित्राच्या मामाने बाहेरून अँड वनच्या मिक्सटेपची (रस्त्यावरच्या खेळातल्या युक्त्यांच्या चित्रफितीची) सीडी आणली. ती सीडी इतक्या घरांत फिरली की शेवटी फक्त मधला भाग चालायचा. आम्ही तोच भाग शंभर वेळा पाहिला आणि संध्याकाळी सिमेंटवर करून बघायचो.

आता शिट्टीबद्दल. रस्त्यावरच्या खेळात पंच नसतो म्हणून नियम नसतो, असं नाही हो. जिंकलेला संघ कोर्टावर राहतो, हरलेला बाहेर. बाहेर पाच संघ नंबर लावून बसलेले असतात. एकदा हरलात की तास-दीड तास नुसतं बसायचं, तोवर अंधार पडतो. अशा ठिकाणी कोणी निव्वळ नाटकं केली आणि चेंडू घालवला तर स्वतःचेच भिडू त्याला उद्या घेत नाहीत. फाउल आपला आपण सांगायचा, आणि खोटा सांगितला तर तोंड दाखवायची सोय नाही. मी कॉलेजमध्ये पंचासमोरही खेळलो, पण माझा हात पक्का झाला तो त्या नंबर लावून खेळण्याच्या भीतीने.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १५५व्या रस्त्यावरचं रकर पार्क हे याचं सगळ्यात मोठं पीठ. होलकोम्ब रकर नावाच्या, बागा-मैदानं खात्यातल्या माणसाने पोरं वाईट संगतीला लागू नयेत म्हणून स्पर्धा सुरू केल्या. पुढे तिथे एनबीएचे बडे खेळाडू उन्हाळ्यात येऊन गल्लीतल्या पोरांशी खेळू लागले. अगदी २०११ साली केविन ड्युरंटने तिथे ६६ गुण केले. म्हणजे एनबीएतल्या खेळाडूलाही तिथे जाऊन आपलं पाणी दाखवावंसं वाटतं.

---

डबल_ड्रिबल | शनिवार, दुपारी १:०२

आग्रीपाडा, सीडीचा मधलाच भाग चालायचा म्हणजे तुमच्या सगळ्या चाली मधूनच सुरू होत असतील. :)

---

आग्रीपाडा_एक्स्प्रेस | शनिवार, दुपारी १:०६

अगदी तसंच होतं! सुरुवातीचा भाग मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, यूट्यूबवर. बायकोला म्हटलं, थांब, हे बघू दे, वीस वर्षं वाट पाहिली आहे.

---

सुनीता_हडसन | शनिवार, रात्री ८:१५ (इथे सकाळ)

मी न्यू जर्सीत राहते. बास्केटबॉल मला कळत नाही, पण दोन वर्षांपूर्वी मुलांना आणि सासऱ्यांना घेऊन हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या गमतीजमती करत बास्केटबॉल खेळणाऱ्या संघाचा खेळ पाहिला, तो सांगते.

सासरे मूळचे साताऱ्याचे, वय ७८, इंग्रजी बेताचं. पूर्ण वेळ डोळे पुसत हसत होते. शिट्टीवर वाजणारं ते 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' सुरू झालं की सगळे गोल करून चेंडू खांद्यावरून, कोपरावरून, मानेवरून एकमेकांकडे सोडत होते. मग एक खेळाडू बादली घेऊन पंचामागे धावला आणि पाणी म्हणून प्रेक्षकांवर फेकलं, तर आतून कागदाचे तुकडे. बाबा अंग चोरून खाली वाकले आणि केसांतले कागद काढत म्हणाले, "अगं, ही तर आपल्या जत्रेतली गंमत!"

पण मला लक्षात राहिलं ते नंतरचं. त्या दिवशी दुपारी एक खेळ आणि संध्याकाळी दुसरा असं होतं. दुपारचा संपल्यावर खेळाडू मैदानाच्या कडेला सह्या देत उभे राहिले. आमच्यासमोर जो उभा होता तो हसत हसत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता, आणि घोट्याला पट्टीचे थरच्या थर. माझ्या धाकट्याला विचारलं, "तुला चेंडू फिरवता येतो का?" त्याच्या बोटावर स्वतः फिरवून ठेवला आणि पडू नये म्हणून खालून मनगट धरून राहिला. मागे रांग होती शंभरेक जणांची. प्रत्येक पोराशी तसंच. आणि दोन तासांनी पुन्हा मैदानात तितक्याच जोमाने. काय म्हणायचं ते म्हणा, पण हे कष्टाचं काम आहे.

---

इतिहासाचं_पान | शनिवार, रात्री १०:५०

सुनीताताईंच्या प्रतिसादामुळे टंकाळा झटकून लिहितो आहे. लांबेल.

या संघाचं नाव हार्लेम असलं तरी तो शिकागोचा. १९२०च्या दशकात तिथल्या सॅव्हॉय नावाच्या नाचघराशी जोडलेल्या संघातून तो उभा राहिला. एब सॅपरस्टाइन हा लंडनमध्ये जन्मलेला, जेमतेम पाच फुटी ज्यू गृहस्थ त्यांचा व्यवस्थापक. सगळे खेळाडू काळे आहेत हे गावोगावच्या लोकांना जाहिरातीवरूनच कळावं म्हणून 'हार्लेम' (न्यूयॉर्कमधली काळ्यांची वस्ती) शब्द घातला. खुद्द हार्लेममध्ये त्यांचा पहिला सामना झाला तो १९६८ साली!

त्या काळी काळ्या खेळाडूंना बड्या व्यावसायिक लीगची दारं बंद होती. हे लोक एका मोटारीत बसून मध्य-पश्चिमेतल्या थंडीत गावोगाव जायचे आणि तिथल्या स्थानिक संघाशी खेळायचे. आता विचार करा: तुम्ही पाहुणे, काळे, आणि गावच्या गोऱ्या संघाला त्याच्याच माणसांसमोर चाळीस गुणांनी हरवताय. पुढच्या वर्षी बोलावतील का? रात्री नीट बाहेर पडता येईल का? गंमत तिथून शिरली. आघाडी मोठी झाली की चेंडू नाचवायचा, लोकांना हसवायचं, गुण करणं थांबवायचं. प्रेक्षक खूश, यजमानांची लाज राखली, आणि दमलेल्या पायांना विश्रांती.

आणि पंचकाका, हे खास तुमच्यासाठी. १९ फेब्रुवारी १९४८, शिकागो स्टेडियम. समोर व्यावसायिक लीगमधले मिनियापोलिस लेकर्स, त्यात त्या काळचा सर्वांत दादा खेळाडू जॉर्ज मायकन. प्रेक्षक १७,८२३. पूर्ण नियमांचा, शिट्टीचा सामना. शेवटच्या क्षणी एर्मर रॉबिन्सनने लांबून चेंडू टाकला आणि ग्लोबट्रॉटर्स ६१-५९ने जिंकले. पुढच्या वर्षी पुन्हा हरवलं. १९५० साली लीगने दार उघडलं आणि ग्लोबट्रॉटर्सचा 'स्वीटवॉटर' क्लिफ्टन न्यूयॉर्क निक्सकडे गेला. विल्ट चेंबरलेन एनबीएत येण्याआधी १९५८-५९मध्ये वर्षभर याच संघात होता. १९५१ साली बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियमवर ७५,००० लोक त्यांना बघायला आले होते, सोबत धावपटू जेसी ओवेन्स. ज्या मैदानावर हिटलरसमोर तो धावला, तिथेच.

एवढं सगळं असून त्यांचं नाव निघालं की लोकांना बादलीच आठवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

मीनल_वाचते | रविवार, सकाळी ७:२०

सुंदर प्रतिसाद. पण एक बाजू राहिली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या समाजातूनच या संघावर कडक टीका झाली. गोऱ्या प्रेक्षकांना सोसेल असा हसरा, निरुपद्रवी काळा माणूस तुम्ही रोज विकताय, असं त्यांचं म्हणणं. हसायचं की नाही हे ज्याच्या हातात नाही, त्याच्या हसण्याकडे बघताना मला तरी अवघडल्यासारखं होतं. आणि पैसा? मार्क्वेस हेन्स, ज्याच्याइतका ड्रिबल कोणी केला नाही असं म्हणतात, गुडघ्यावर घसरत, जवळजवळ आडवा होऊन चेंडू आपटत राहायचा, तो १९५३ साली कराराच्या वादातून बाहेर पडला आणि त्याने हार्लेम मॅजिशियन्स हा वेगळा संघ काढला. गूस टेटम, ज्याने विनोदाचा साचा घडवला, तोही त्याला जाऊन मिळाला. तीच गोष्ट पुढे १९७८मध्ये मेडोलार्क लेमनची. नट ठरवत नाही, मालक ठरवतो.

---

इतिहासाचं_पान | रविवार, सकाळी ८:०४

मीनल, मुद्दा मान्य. मी तो टाळायला नको होता. फक्त लेमनबद्दल एक गोष्ट. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनमध्ये, अकरा वर्षांचा असताना त्याने सिनेमागृहात बातमीपटात ग्लोबट्रॉटर्स पाहिले. घरी चेंडू नव्हता. कांद्याचं पोतं आणि कपडे अडकवायचं तारेचं हँगर यांची जाळी केली, ती टांगली, आणि दुधाचा रिकामा डबा चेंडू म्हणून टाकत बसला. मालकाने पुढे काय केलं ते केलंच, पण त्या पोराला तिथे कोणी ढकललं नव्हतं.

---

फडातली_नात | रविवार, सकाळी ११:३५

धागा वाचते आहे कालपासून. बास्केटबॉलचं मला काही कळत नाही, पण "नाटकं" हा शब्द टोचला म्हणून लिहिते.

माझे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवायचे. ते म्हणायचे, फडात नाचणारीला शिकवता येतं, सोंगाड्या मिळायला नशीब लागतं. बतावणीत सोंगाड्या अडखळतो, चुकीचं बोलतो, पडतो. पण तो पडायला अर्धी मात्रा उशीर झाला तर ढोलकीची थाप रिकामी जाते आणि हशा मरतो. म्हणजे बेताल वागणाऱ्याचा ताल सगळ्यांत पक्का लागतो. गूस टेटमचं वर्णन वाचलं आणि मला आजोबांचा जोडीदार आठवला.

दुसरं, बोटं. आजोबांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं चपटी आणि कडक झाली होती. मला लहानपणी त्यांना हात लावायला आवडायचं, चामड्यासारखी लागायची. भाकरी मोडताना सुद्धा ती बोटं परातीच्या काठावर वाजत असायची, त्यांच्या नकळत. छोटीचे हात बघा एकदा सर. बोटं तशी झाली असतील तर तिने किती तास घातले ते कळेल.

---

मृण्मयी_जो | रविवार, सकाळी ११:५०

फडातली_नात, तुमच्या आजोबांवर स्वतंत्र धागा काढाच. विनंती नव्हे, हट्ट.

---

पंचकाका | रविवार, दुपारी १२:३०

बोटांचं वाचून थांबलो. माझ्या आईकडे पखवाज होता.

१९४८चा सामना मला माहीत होता, पण मी तो या वादात धरला नव्हता. धरायला हवा होता.

---

डबल_ड्रिबल | रविवार, दुपारी १:१५

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्लोबट्रॉटर्सच्या समोरचा संघ! वॉशिंग्टन जनरल्स. लुई 'रेड' क्लोट्झ नावाच्या, ५ फूट ७ इंच उंचीच्या माणसाने १९५२मध्ये तो काढला. हा स्वतः १९४८ साली बाल्टिमोर बुलेट्सच्या विजेत्या संघात होता. आणि मग पुढचं आयुष्य हरण्यात घालवलं. हजारो सामने. गंमत चालायची ती एका बाजूनेच, जनरल्स मात्र चेंडू खरोखर टाकायचे.

५ जानेवारी १९७१, टेनेसीतलं मार्टिन गाव. त्या रात्री ते न्यू जर्सी रेड्स या नावाने खेळत होते. ग्लोबट्रॉटर्स लोकांना हसवण्यात इतके रंगले की गुणफलकाकडे लक्षच राहिलं नाही. शेवटच्या क्षणांत पन्नाशीच्या क्लोट्झने चेंडू टाकला आणि आत. १००-९९. सलग २,४९५ विजयांची मालिका तुटली. टाळ्या? कुठल्या. पोरं रडायला लागली. २०१४ साली, ९३व्या वर्षी गेला बिचारा, नव्हे, बिचारा नव्हेच. मला त्याचा फार आदर वाटतो. चांगल्या बचावपटूशिवाय हूल कोणाला देणार?

---

आग्रीपाडा_एक्स्प्रेस | रविवार, दुपारी १:४०

शेवटचं वाक्य लाखमोलाचं. आमच्या गल्लीत एक जण होता, त्याला कोणी हूल दिली की तो मनापासून फसायचा आणि मनापासून दाद द्यायचा. सगळ्यांना त्याच्यासमोरच खेळायचं असायचं.

---

चतुरंग_सीए | रविवार, दुपारी ४:१०

धाग्यात 'घर चालवणं' आलं की हिशेब मांडायची माझी सवय.

अँड वनची सुरुवात बघा. १९९३मध्ये व्हार्टन या व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेच्या तीन विद्यार्थ्यांनी काढलेली कंपनी. नावच मुळी कोर्टावरच्या बोलीतलं: फाउल होऊनही चेंडू आत गेला की वर एक फ्री थ्रो (कोणी न अडवता टाकायची संधी), म्हणजे 'अँड वन'. त्यांच्या हाती न्यूयॉर्कच्या राफर आल्स्टन या पोराची धुरकट चित्रफीत लागली. त्याच्या प्रशिक्षकाकडून आलेली. त्यावर हिपहॉप चढवून ती बूट घेणाऱ्यांना फुकट वाटली. फीत जिथे पोहोचली तिथे बूट खपले. रकरच्या निवेदकाने त्याचं नाव ठेवलं होतं 'स्किप टू माय लू', कारण तो ड्रिबल करताना उड्या मारत चालायचा. त्या यशातून देशभर दौरे, मग टीव्ही. हॉट सॉस (हेही एका खेळाडूचं टोपणनाव), प्रोफेसर वगैरे मंडळी घरोघरी पोहोचली. २०००च्या एनबीएच्या डंक स्पर्धेत (उडी मारून चेंडू वरून कड्यात आपटायची स्पर्धा) विन्स कार्टर या खेळाडूच्या पायात त्यांचेच बूट होते. २००५मध्ये कंपनी विकली गेली आणि पुढच्या काही वर्षांत दौरे थांबले.

आता खेळाडूच्या बाजूने बघा. त्याच्याकडे काय उरलं? टोपणनाव आणि गुडघे. आल्स्टनकडे दुसरा रस्ता होता. १९९८मध्ये एनबीएतल्या मिलवॉकी संघाने त्याला निवडलं होतं, तो पुढे दहाएक वर्षं एनबीएत राहिला, २००९ची अंतिम फेरी ऑर्लँडोकडून खेळला. पण त्यासाठी उड्या मारणं सोडून सरळ खेळावं लागलं. बाकीच्यांना तो रस्ता नव्हता. चाहते बुटांचे, चित्रफितींचे हक्क कंपनीचे.

म्हणून मला प्रोफेसर वेगळा वाटतो. त्याने काय केलं, तर दुकान स्वतःच्या नावावर केलं. चॅनल त्याचं, चित्रीकरण त्याचं, नाव त्याचं. मीनलने वर लिहिलं की मालक ठरवतो. इथे नट आणि मालक एकच आहे. अर्थात शरीरही एकच आहे, हे विसरू नये.

---

मीनल_वाचते | रविवार, दुपारी ४:३२

चतुरंग, स्वतःचं दुकान म्हटलं तरी मालक गेला असं मला वाटत नाही. आता तो यूट्यूबच्या आकड्यांत बसला आहे. दर आठवड्याला नवीन अनोळखी माणूस फसवावा लागतो. तरीही हेन्सला जे १९५३मध्ये वेगळा संघ काढून मिळवावं लागलं, ते याला घरबसल्या मिळालं, हे खरं.

---

फिरता_चेंडू | रविवार, रात्री ९:२०

पहिल्यांदाच लिहितोय इथे. मी पुण्यात बास्केटबॉल फ्रीस्टाइल करतो. कॉलेज महोत्सव, मॉल, कंपन्यांचे कार्यक्रम, दोनदा लग्नातसुद्धा. वय २६. त्यामुळे आतून सांगतो.

माझा प्रयोग साडेचार मिनिटांचा. त्यासाठी रोज तीन तास. दोन चेंडू, मग तीन, मग एक बोटावर फिरता ठेवून दुसऱ्याचा ड्रिबल. मॉलमध्ये फरशी गुळगुळीत असते, चेंडू सिमेंटपेक्षा वेगळा उसळतो, म्हणून मी तासभर आधी जाऊन कोपऱ्यात आपटून बघतो. घाम आला की बोटं सरकतात, खिशात कायम खडूची पूड. चेंडूत हवा थोडी कमी ठेवतो, म्हणजे हाताला चिकटतो. चेंडू सुटला तर? सुटतोच. एकदा सुटला तर लोक माफ करतात. मी तो पायाने उचलून असा परत घेतो की ठरवून टाकला असं वाटावं. दुसऱ्यांदा सुटला तर शांतता पसरते आणि ती शांतता कानात बसते, घरी येईपर्यंत.

पैशाचं विचाराल तर हंगामी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा, पावसाळा कोरडा. एका आयोजकाने मागच्या वर्षीचे पैसे अजून दिले नाहीत, फोनही उचलत नाही. म्हणून सकाळी दोन शाळांत शिकवतो, त्यावर घर चालतं.

पंचकाका, मी संघातही खेळायचो. विद्यापीठ निवडीत शेवटच्या फेरीत गेलो नाही, उंची आडवी आली. चेंडू सोडवेना म्हणून हे धरलं. तुम्ही याला प्रयोग म्हणालात तर मला राग नाही. प्रयोगच म्हणतो मीही. फक्त त्या प्रयोगातला प्रत्येक ड्रिबल मी आधी मैदानात, नियमाने शिकलो आहे. हात वर ठेवूनच.

---

पंचकाका | सोमवार, सकाळी ६:४५

फिरता_चेंडू, तुझा प्रतिसाद रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. तुझा पुढचा कार्यक्रम पुण्यात असेल तर कळव. मी पुण्यातच राहतो. पहिल्या रांगेत बसेन, शिट्टी घरी ठेवून.

माझं मत थोडं बदलतो. हेन्स, टेटम, प्रोफेसर आणि तू, सगळे खेळाडू. सदऱ्यात चेंडू लपवणं मात्र मला खेळ वाटत नाही, तिथे मी ठाम आहे. आणि नागपाड्याच्या रांगेबद्दलचं वाचून वाटलं, आम्ही पंच लोक शिट्टीशिवायच्या शिस्तीकडे फार कमी बघतो.

छोटीबद्दल: तिला आधी विचारा, तुला काय व्हायचं आहे. संघात जायचं असेल तर हात वर. लिनेट वुडर्ड हे नाव तिला सांगा. १९८४च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाची कर्णधार होती, आणि १९८५मध्ये ग्लोबट्रॉटर्समधली पहिली बाई. तिने दोन्ही केलं.

---

सुनीता_हडसन | सोमवार, सकाळी ७:३०

काका, शिट्टी न्या हो सोबत. आवडलं की वाजवायला.

---

आग्रीपाडा_एक्स्प्रेस | सोमवार, सकाळी ८:१५

आणि आपल्याकडची पुण्याची शिरीन लिमये पण सांगा छोटीला. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली. तिचा खेळ बघून हूल आणि नियम एकत्र कसे नांदतात ते कळेल.

---

अर्धं_मैदान | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, उशिरा आलो, पण आजचं सांगायलाच हवं.

सकाळी छोटीला म्हटलं, ती हूल पुन्हा कर, हळू. केली. हात चेंडूखाली जात होता, पंचकाका. थोडासाच, पण जात होता. मी फोनवर चित्रीकरण करून तिला दाखवलं. तिने स्वतःच ओळखलं. "सर, इथे बसतोय चेंडू." मग मी म्हटलं, बसू न देता कर. पहिल्या वीस वेळा चेंडू पायावर आपटला. ओठ चावत होती, पण थांबली नाही. बाकीची बॅच आपलं काम सोडून बघत बसली आणि मी त्यांना ओरडलो नाही. साधारण तिसाव्या वेळी जमलं. आधीपेक्षा कमी दिखाऊ, खांद्यावर जास्त भार, आणि चेंडू सतत जमिनीशी बोलता. परवाचाच मुलगा समोर उभा केला. यावेळी तो पडला नाही, पण एक पाऊल चुकीच्या बाजूला गेला. तेवढं पुरलं. ती आत जाऊन चेंडू टाकून आली.

सोबतचे सर बघत होते. काही बोलले नाहीत. फेऱ्याही दिल्या नाहीत. सराव संपल्यावर स्वतः एकटेच कोपऱ्यात ती हूल करून बघत होते, ते मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

फडातली_नात, हात पाहिले. उजव्या मधल्या बोटाच्या टोकाला साल निघालेली आणि खाली नवीन, घट्ट कातडी. तिला विचारलं तर म्हणाली, गच्चीवर करते, आई झोपली की.

काल विचारलं होतं काय व्हायचं आहे म्हणून. म्हणाली, "आधी जिल्ह्याच्या संघात जाते, मग सांगते."

---

फडातली_नात | मंगळवार, रात्री ९:५५

गच्चीवर, आई झोपली की. आजोबा असते तर उठून बसले असते हे ऐकून.

---

फिरता_चेंडू | मंगळवार, रात्री १०:१०

सर, गच्ची म्हणजे खरखरीत सिमेंट. तिच्याकडे चामड्याचा चेंडू असेल तर महिन्यात गुळगुळीत होईल. रबरी घ्या, मुलींचा, ६ नंबर. आणि हवा पूर्ण भरू नका, खालच्या मजल्यावर आवाज कमी जातो. पत्ता निरोपातून पाठवा, माझ्याकडे एक जादा पडला आहे.